बोट लावून निवडलेलं मशीन

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी इब्राहिमचाचांनी रेवदंड्याच्या मासळी बाजारात फिरून स्वतः घडवलेल्या सुऱ्या परत मागून घेतल्या. सात जणींना त्यांनी त्या फुकट दिल्या होत्या. तक्रार एकीचीच होती.

ती हिराबाईंची. बाजारात सर्वांत जास्त मासळी त्या कापतात. सुरमईच्या काट्यावर त्यांच्या सुरीची धार मुडपली. "चाचा, कोलंबीला ठेवते ही," त्या म्हणाल्या. "सुरमईला माझी जुनीच बरी हाय." शेजारच्या दोघी हसल्या.

चाचा माझे शेजारी. आखातातल्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. परतल्यावर त्यांना सुऱ्या घडवायचा नाद लागला. सुरुवातीला सगळं काम कानशीवर. मागणी वाढली तेव्हा वेगानं फिरणारं ग्राइंडर घेतलं आणि तिथंच चूक झाली. दगडावर धार इतकी तापली की पोलादाचं पाणी उतरलं, ते मऊ पडलं. कडेला निळसर छटा आली.

"ती मला दिसली होती," चाचा मला म्हणाले. "पॉलिश करून घालवली." हेच त्यांनी बाजारात सातही जणींना सांगितलं. सुऱ्या परत का घेता, असं मी विचारलं. "कंपनीच्या एकाही पाइपावर माझं नाव नव्हतं. ह्या सुऱ्यांवर आहे."

नवं मशीन घ्यायला ते मुंबईला गेले. मी सोबत होतो. त्यांच्या खिशात पोलादाची एक पट्टी होती. दुकानातल्या प्रत्येक मशीनवर ती घासायची आणि लगेच त्या जागी उघडं बोट ठेवायचं. चटका बसला की पुढचं मशीन.

"चाचा, मशीन लेने आए हो या बुखार देखने?" दुकानदारानं विचारलं.

"बुखारच बघतोय."

चौथं मशीन दगडाऐवजी खरखरीत पट्ट्याचं होतं, वेग कमी-जास्त करता येणारं. सर्वांत कमी वेगावर बोट टिकलं.

"इतक्या हळू चालवलंत तर दिवसात एक पातंही व्हायचं नाही," दुकानदार म्हणाला.

"नाही झालं तरी चालेल. हेच बांधा."

ऑगस्टमध्ये, मासेमारीबंदी उठल्यावर, चाचांनी नवी सुरी हिराबाईंच्या पाटावर ठेवली.

"नाव परत घातलंत व्हय?"

"घातलं."

हिराबाईंनी समोरची सुरमई ओढली. काट्यावर मुद्दाम जोर दिला. तिसरी सुरमई कापून झाल्यावर धारेवरून अंगठा आडवा फिरवला.

"ऱ्हाऊ दे हितंच," त्या म्हणाल्या आणि जुनी सुरी पिशवीत टाकली.

त्या दिवशी बाजार उठेपर्यंत ती पिशवीतून बाहेर आली नाही.