एकशे आठ नंबरची डबी

शेवेच्या कारखान्यात मी नवीन नेटवर्क मॉड्यूल बसवत होतो. मशीनच्या कंट्रोलरला ऑफिसातल्या कॉम्प्युटरशी जोडणारी ही छोटीशी डबी. तिच्यावरच्या तीन चकत्या फिरवून तिचा नंबर ठरवायचा. मी पन्नास लावला आणि पोहे खायला बाहेर पडलो.

परत येऊन वीज चालू केली, तर कॉम्प्युटरला डबी सापडेचना. केबल बदलली, लॅपटॉप पुन्हा चालू केला, स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी टॉर्च मारून पाहिलं. डबीवर कुंकवाचा टिळा आणि चकत्यांवर एकशे आठ!

कारखान्याचे मालक, आमच्याच अन्नपूर्णा भागात राहणारे मराठी काका, मागून खुशीत म्हणाले, "अरे भिया, नवी चीज आहे, पूजा तर करावी लागेल ना! आणि पन्नास हा काय आकडा झाला? मी शुभवाला लावून दिला."

मला असं हसू फुटलं की पॅनलचा दरवाजा धरून उभा राहिलो. चकत्यांना हात लावायची माझी काय बिशाद! कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्येच पन्नासच्या जागी एकशे आठ भरला. हिरवा दिवा लागला आणि काकांनी हात जोडले.

आता कुठेही गेलो की आधी मालकाला आकडा विचारतो, मगच पोहे खातो.