हमीदा फुफी खोटं बोलत नव्हती

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हमीदा फुफीला मेल्यावरही खोटारडी ठरवण्यात आलं.

मयतीला अजून गुस्ल, शेवटची आंघोळ, दिलं नव्हतं. फॅमिली ग्रुपवर आमचे चुलतभाऊ सादिकभाई यांचा मेसेज आला.
'फुफी नाटकी होती, पण दिलाची साफ.'
खाली अकरा जणांचे जोडलेले हात.

मेलेल्या माणसाच्या घरी आवाज चढवू नये, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलं होतं. म्हणून इथं लिहिते.

फुफी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्म धाराशिवचा, निजामाच्या राज्यातला. तान्ही असताना ताप डोक्यात गेला, झटके आले. वाचली.
पण नजर विचित्र झाली.

उडती चिमणी दिसायची. बसलेली दिसायची नाही.
एरवी रिकाम्या ताटातली एकटी मिरची उचलायची. भरल्या ताटात भाकरी चाचपायची.
चेहरे तर कुणाचेच कळायचे नाहीत. माणसं ती आवाजावरून, चालीवरून आणि रंगावरून ओळखायची.

दौऱ्यावर आलेल्या डॉक्टरनं डोळ्यांत बत्ती मारली.
"आँखें दुरुस्त हैं. लड़की मक्कार है."

झालं. घराला तिच्यासाठी पदवी मिळाली: खोटारडी. पुढं प्रत्येक थपडेला त्या डॉक्टरची सही होती.

ईदला घरातल्या बायका सारख्या पांढऱ्या ओढण्या घेऊन ओळीनं गप्प उभ्या राहायच्या.
"पहचान, तेरी अम्मा कौनसी?"
ती चुकली की हशा. तिची आईसुद्धा हसायची. हे मला फुफीनंच सांगितलं, आणि आईची बाजू घेत सांगितलं.

माझे आजोबा तहसील कचेरीत मुन्शी होते. डोक्यावर लाल रूमी टोपी.
फुफीसाठी ती टोपी म्हणजेच अब्बा. लांबून लाल दिसलं की धावत सुटायची.

निजामाचं राज्य गेलं. लाल टोप्या पेट्यांत गेल्या.
आजोबा घाबरलेले होते. नोकरी राहील की नाही, ठाऊक नव्हतं. म्हणून कचेरीतल्या दोन कारकुनांना त्यांनी चहाला बोलावलं. दोघांच्या मधे उघड्या डोक्यानं, गप्प बसले होते.

फुफी चहा घेऊन आली. नऊ-दहा वर्षांची असेल.
"अम्मी, मेहमान तीन हैं. अब्बा किधर हैं?"

एक कारकून खो खो हसला.
"काय मुन्शीजी, राज गेलं, टोपी गेली, आता लेकबी गेली व्हय?"

आजोबांनी तिला तिथंच मारलं. गरम चहा तिच्या पायावर सांडला, तरी हात थांबला नाही.
मग म्हणाले, "जोपर्यंत ही नाटक कबूल करत नाही, तोपर्यंत मी हिच्याशी बोलणार नाही."

नीट वाचा. टोपी गेली होती. आता आवाजही गेला.
घरात बाप होता, आणि तिला बाप नव्हता.

तिनं कबूल केलं नाही. काय कबूल करणार? आणि आजोबा मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, लहानपणी. आजोबा तख्तावर बसलेले असायचे. फुफी दाराशी थांबून विचारायची, "कौन बैठे हैं?"
आजोबा साधं खाकरायचेही नाहीत.
ते उठून चालायला लागले की ती लगेच म्हणायची, "अब्बा, सँभल के."
यावर घर म्हणायचं, बघा! चालताना ओळखते, बसला की ओळखत नाही. रंगेहाथ पकडली!

तिचं लग्न झालं नाही. खोटारडी मुलगी कोण घेणार?

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला नजरेच्या तक्रारीसाठी सोलापूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. फुफी माझ्याकडेच राहायची, तिलाही सोबत नेलं होतं. बाईंनी नातीबद्दल विचारायला सुरुवात केली.
"चेंडू घरंगळताना दिसतो, थांबला की हरवतो? पसाऱ्यात वस्तू सापडत नाही? आईनं कपडे बदलले की गोंधळते?"

फुफी मधेच म्हणाली, "ये सब मेरेकू होता."

बाईंनी पेन ठेवलं. फुफीचे डोळे तपासले, लहानपणचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, "आजी, डोळे चांगलेच होते तुमचे. डोळ्यांनी पाठवलेल्याचा अर्थ मेंदूला लावता येत नाही. मुलांमध्ये पुष्कळ आढळतं. यावर आता खूप संशोधन चाललंय. तुम्ही खोटं बोलत नव्हता."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिला पहिल्यांदा कुणी म्हटलं. तेही परक्या बाईनं.

परत येताना मी विचारलं, "आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतंस?"
"बोलती थी मैं," फुफी म्हणाली. "पन वो बोलते क्या?"

सादिकभाई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "आजकाल डॉक्टर कशालाही आजार म्हणतात."
निजामाच्या डॉक्टरला माहीत नव्हतं. आजोबांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

फुफी, दुपारी घरचे पुरुष तुला मातीत ठेवून आले. अल्लाह तुला माफ करो, तुझी मगफिरत करो. आमची करायची की नाही, ते तू सांग त्याला.

आणि सादिकभाई, उद्या दुपारच्या, जोहरच्या नमाजेआधी त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावानं, लेखी लिहा: 'हमीदा फुफी खोटं बोलत नव्हती.' फोन नको, जोडलेले हात नकोत.
नाहीतर परवा तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला माझ्या दारात येऊ नका. आलात, तर तुम्ही कोण, हे मी सगळ्यांसमोर विचारीन.