काडेपेटीएवढा कॅमेरा आणि आमचे दाजी

देवाने माणसं घडवताना तपासणीला आमच्या दाजींना बसवलं असतं, तर पृथ्वीवर आज जेमतेम एखादं गाव वसलं असतं आणि त्यात आमच्या माहेरचं कोणी नसतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तयार मालातली खोट काढण्यात घालवली. केसाएवढा फरक दिसला की माल परत. कारखान्यात त्यांना या गुणाचा पगार मिळायचा, घरी मात्र ते तो फुकट वाटत. पोळी नेमकी कुठल्या बाजूला वाकडी गेली ते सांगूनच तिचा पहिला घास मोडत. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे वेढे मोजत. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आले आणि चौरंग किंचित कलला आहे म्हणून त्याच्या पायाखाली एक जुनी लग्नपत्रिका दुमडून सारली, मगच हात जोडले. तोवर भटजी पोथीत बोट घालून बसून होते.

अशा माणसाला त्यांच्या लेकीने बंगळूरहून एक खेळण्यातला कॅमेरा पाठवला. काडेपेटीएवढा. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं सोंग घेतलेला. खोटं चामडं, खोटी चंदेरी कड आणि वर रोल पुढे सरकवायची खोटी चावी, जी फिरवली की नुसतं किर्रर्र वाजतं. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची शोभेची वस्तू, पण फोटो खरे निघतात. खरे म्हणजे काय, निघतात. आकाश जांभळं, माणसं धुक्यातली, आणि चार्जिंग संपलं की कोपऱ्यातली तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाऊन बसते. मला वाटलं, दाजी ही डबी संध्याकाळच्या आत परत धाडतील. उलट माणूस पार विरघळला. चष्म्याच्या फडक्यात गुंडाळून ती शर्टाच्या खिशात घेऊन हिंडू लागला. "अगं, याच्याकडून कसली अपेक्षाच नाही," ते मला म्हणाले, "किती हलकं वाटतं म्हणून सांगू!"

मग काय, रविवारी मिसळ खायला जावं तर रस्सा गार होईपर्यंत फोटो. प्रत्येक फोटोआधी ती चावी फिरवणं सक्तीचं. "दाजी, ती आत कशालाच जोडलेली नाहीये," मी एकदा म्हटलं. "माहीत आहे. पण त्याशिवाय फोटो काढल्यासारखं वाटत नाही." समोरच्याला श्वास रोखायला लावत, मग स्वतःच श्वास रोखून कुठलं बटण दाबायचं ते शोधत. फुलबाजारात शेवंती विकणाऱ्या एका बाईंनी कौतुकाने टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि फोटो पाहून त्यांचं तोंडच उतरलं. "भाऊ, हा तर नुसता धूर हाय. मी कुठं हाय यात?" "तो धूर नाही मावशी, तेच तुम्ही." "मंग टोपलीचाच काढायचा व्हता ना!" दाजी इतके खूश झाले की गरज नसताना पावशेर शेवंती घेऊन आले.

पण या सगळ्या खुळामागे त्यांचा एक हेतू होता, आणि तो घरात सगळ्यांना ठाऊक होता. त्यांना ताईचा एक फोटो हवा होता. ताईने फोटो काढून घेणं कधीच सोडलं होतं, तेही दाजींमुळे. लग्न नवं होतं तेव्हा आम्ही सगळे गंगापूर धरणावर डबे घेऊन गेलो होतो. दाजींनी कुणाचा तरी भारी कॅमेरा उसना आणलेला. रोल धुऊन आल्यावर सगळ्यांच्या देखत त्यांनी ताईचा फोटो उचलला, कारखान्यातल्या सवयीने निरखला आणि "मान वाकडी, डोळा अर्धा मिटलेला, रिजेक्ट" म्हणून बाजूला ठेवला. सगळे हसले. ताईही हसली. तेव्हापासून नात्यातला कुठलाही अल्बम काढा, ताई कुणाच्या तरी फेट्यामागे असते, नाहीतर तोंडासमोर आहेराचं ताट धरून उभी असते.

आता या डबीला कोण घाबरणार, असा दाजींचा हिशोब. त्यांनी देव्हाऱ्याआडून पाहिलं, भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीमागे लपवून पाहिलं. एकदा ताईचं कोपर आलं. ते त्यांनी मला आठवडाभर दाखवलं. "कोपर तिचंच आहे," ते म्हणत, "शंकाच नाही." ताईचं उत्तर मात्र ठरलेलं. "मला नका घेऊ त्यात. तुमचा माल खराब होईल."

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मखमलाबादला माहेरच्या मळ्यात आम्ही झेंडू तोडत होतो. दाजी मागे मागे चावी किरकिरवत. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "आणा ते इकडे. तुमचाच काढते. बघू तुम्ही किती सरळ उभे राहता." दाजी झेंडूत ताठ उभे राहिले. ताईने कॅमेरा डोळ्यांसमोर जरा लांब धरला आणि हसतच सुटली, कारण दाजींना आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मी पाहते तर कॅमेरा उलटा. त्या एवढ्याशा डबीला पुढून मागून सारखंच भोक, आणि तिने भिंग स्वतःकडे धरलेलं. मी ओरडणार, एवढ्यात दाजींकडे लक्ष गेलं. त्यांना दिसलं होतं. जन्मभर दुसऱ्याची चूक तोंडावर सांगत आलेला तो माणूस ओठ घट्ट मिटून उभा होता.

टिक् झालं. ताईने फोटो पाहिला आणि दचकली. मी मागून डोकावले. तिचाच चेहरा, अगदी जवळून, धुरकट, हसण्याने एक डोळा मिटलेला, मान कलंडलेली.

"अहो, उलटा धरला होता मी! सांगायचं नाही का?"

"दिसलं नाही मला," दाजी म्हणाले.

ताईने कॅमेरा पुढे केला. "काढून टाका तो."

"नको." दाजींचा आवाज मला ओळखू येईना. "धरणावरचाही छानच आला होता गं. मलाच बघता आला नाही."

ताईने कॅमेरा फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या खिशात ठेवला. "राहू द्या मग," ती म्हणाली, "पण कुणाला दाखवायचा नाही." आणि पुन्हा फुलं तोडायला लागली. मला उगाचच रडू येत होतं.

दाजींनी तो फोटो त्यानंतर कुणाला दाखवलेला नाही. कधी दुपारी मी त्यांच्याकडे जाते तेव्हा ताई आत झोपलेली असते आणि दाजी खिडकीशी बसून, चष्मा कपाळावर सारून, त्या नखाएवढ्या पडद्यात बघत असतात. काय बघताय विचारलं तर म्हणतात, "काही नाही, चार्जिंग बघतोय." मग मी आत जाऊन चहा टाकते.