तक्त्यात नसलेला रोग

तीस सालानंतरच्या त्या वर्षांत मी नाशिकला जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत कारकून होतो. दर महिन्याला तालुक्यांकडून आणि नगरपालिकांकडून मृत्यूंचे आकडे येत आणि मी ते एका मोठ्या तक्त्यात उतरवीत असे. तक्त्याला आठ रकाने होते. पटकी, देवी, प्लेग, ताप, आमांश व जुलाब, छातीचे विकार, अपघात आणि शेवटी इतर. जिल्ह्यात माणूस कशानेही मेला तरी त्याला या आठांपैकी एका घरात बसावंच लागे.

माझा थोरला भाऊ गोदावरीवरच्या, आमच्या बोलण्यात गंगेवरच्या, रामकुंडावर तीर्थोपाध्याय होता. परगावचे यजमान आले की तो बाड उघडून त्यांच्या पणजोबांपासूनची नावं वाचून दाखवी. त्याच्या बाडांत मेलेल्यांची नावं असत, पण ते कशाने मेले हे नसे. माझ्या तक्त्यात कारण असे, नाव नसे. जेवताना तो यावरून माझी चेष्टा करी. वडील लवकर गेले होते, त्यामुळे मला त्यानेच शिकवलं, त्यानेच नोकरीला लावलं. त्याचं वय तेव्हा चव्वेचाळीस, माझं तेहतीस.

आमच्या कचेरीत एक नवे डॉक्टरसाहेब बदलून आले. विलायतेत शिकून आलेले, कमी बोलणारे. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे इंग्लंडचा मृत्यूंचा जाड अहवाल ठेवला आणि म्हणाले, "बघा, तक्ता कसा असतो ते."

मी तो चाळला आणि थक्क झालो. तिथे कॅन्सरला स्वतंत्र पानं होती. पोटाचा वेगळा, छातीचा वेगळा, मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा वेगळा. कोणत्या परगण्यात किती, कोणत्या वर्षी किती, सगळं मांडलेलं. आतड्याच्या कॅन्सरचे आकडे वर्षागणिक चढत होते आणि काही शहरांत शेजारच्या शहरांपेक्षा जास्त होते.

"साहेब, आपल्याकडे हा रोग नाही का?" मी विचारलं.

"तेच तर शोधायचंय," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, हा मांस खाणाऱ्यांचा, साहेबलोकांचा रोग. आपल्याकडे नाहीच. मला ते खात्रीनं सांगता येत नाही."

त्यांनी मला प्रत्येक ठिकाणाहून 'इतर' या रकान्याचा तपशील मागवायला सांगितला. महिन्या-दोन महिन्यांत उत्तरं आली. बहुतेकांनी 'म्हातारपण' एवढंच लिहिलं होतं. फक्त मालेगावहून आलेल्या कागदात आतड्याच्या कॅन्सरच्या काही नोंदी होत्या, हिंदूंच्याही आणि विणकर मुसलमानांच्याही. मला वाटलं, तिथल्या पाण्यात काही असेल, नाहीतर सुताच्या रंगात. मी तसं साहेबांना म्हणालो.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आहे. शौचाला रक्त पडतं असं कुणी सांगितलं की तो बोट घालून तपासतो. बाकी ठिकाणी कुणी तपासत नाही. एवढाच फरक."

त्यानंतर आठवड्याने आम्ही घोटीकडच्या एका गावी नोंदवही तपासायला गेलो. तिथे सगळी माणसं तापाने मेलेली होती. पोलीस पाटील म्हातारा आणि सरळ माणूस होता. साहेबांनी एका नावावर बोट ठेवून विचारलं, "हा कसा गेला?"

"त्यो व्हय? वरीसभर परसाकडंला रगत पडायचं त्याला. लय वाळला व्हता. प्वाट फुगलं, मंग खानं बंद झालं."

"मग ताप का लिहिलाय?"

"शेवटाला आंग गरम झालं व्हतं की, साहेब. मंग ताप लिवला."

साहेबांनी वही मिटली. परतीच्या वाटेवर मोटारीत मी पाटलाचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होतो. पाटलाने जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं मी त्याच आठवड्यात घरी ऐकलं होतं.

घरी वहिनीने मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवून सांगितलं होतं, "भाऊजी, यांच्या धोतराला रक्त असतं. चार महिने झाले. मी गुपचूप धुते. यांना विचारलं तर म्हणतात, मूळव्याध आहे, वैद्यबुवांचं औषध चालू आहे."

मी दादाकडे पाहिलं तेव्हा मला दिसलं की त्याच्या मनगटाची हाडं वर आली आहेत. तो ताकभात खात होता, सुरण खात होता, वैद्यबुवांच्या पुड्या घेत होता. मी रोज पाहत होतो, तरी पाहिलं नव्हतं.

घोटीहून आल्यावर मला आणखी एका गोष्टीने घेरलं. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. मला फक्त इतकं आठवत होतं की वर्षभर ते आतल्या खोलीत पडून असत आणि आई परसात कसल्या तरी चिंध्या जाळी. आता आईही नव्हती, विचारणार कुणाला? नगरपालिकेतल्या जुन्या नोंदी सांभाळणारा कारकून माझ्या ओळखीचा होता. दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो. त्याने धूळ झटकून वही काढून दिली. वडिलांचं नाव सापडलं. वय सत्तेचाळीस. कारण: जुलाब.

मी वही मिटली आणि तिथल्याच बाकावर बसून राहिलो. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस वर्षभर जुलाबाने झिजून मरत नाही, हे एवढे तक्ते लिहून मला कळत होतं. वडील, मग दादा. मग पुढचं नाव कुणाचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून मी सकाळी परसाकडे गेलो की खाली बघितल्याशिवाय उठत नसे. एकदा बीट खाल्लं होतं, ते विसरून मी तासभर तिथून हललो नाही.

दादाला तपासणीला तयार करणं सोपं नव्हतं. मी दोनदा विषय काढला आणि दोनदा त्याने उडवून लावला.

"अरे, मी गंगेवर बसणारा माणूस. सकाळ-संध्याकाळ सोवळ्यात असतो. परक्या माणसानं मला तिथं हात लावायचा? आणि कशासाठी, मूळव्याधीसाठी?"

"दादा, मूळव्याध नसली तर?"

"तर काय असेल?"

मला तो शब्द उच्चारता येईना. मी म्हणालो, "बाबांना काय झालं होतं, तुला आठवतं?"

वडील गेले तेव्हा तो मोठा होता. त्यानेच वडिलांची सेवा केली होती. तो जानव्याशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "मला पहिल्या महिन्यापासून आठवतंय. वास तोच आहे."

तेव्हा मला कळलं की तोही इतके दिवस भीतीतच होता. मूळव्याध हे त्याने स्वतःची समजूत घालायला धरलेलं नाव होतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला.

साहेबांनी त्यांच्या बंगल्यावरच त्याला तपासलं. मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून दादाचा एकच हुंकार ऐकू आला. मग साहेब बाहेर आले आणि तस्तापाशी जाऊन साबणाने हात धुऊ लागले. धुतच राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाठ आहे. बोटाला लागते. मुंबईला न्या, उशीर करू नका."

"साहेब, आमचे वडीलही असेच..."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एखाद्या घरात हा रोग चालत आलेला दिसतो, असं तिकडचे लोक म्हणतात. तुमचं वय किती?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "आधी भावाचं होऊ द्या. मग तुम्हीही या."

मुंबईच्या इस्पितळात सर्जनने आम्हा तिघांना, दादा, वहिनी आणि मला, समोर बसवून समजावलं. गाठ कापून काढता येईल. पण खालची वाट कायमची बंद होईल आणि पोटाला डाव्या बाजूला भोक ठेवावं लागेल. मळ तिथून येईल, केव्हाही येईल. त्यावर घडी बांधून ठेवायची आणि बदलत राहायची. टेबलावरच जीव जाण्याचा धोकाही त्यांनी लपवला नाही.

दादाने सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे मला पुन्हा सोवळं नेसता येणार नाही?"

सर्जन पारशी होते. त्यांना प्रश्न कळला नाही. मी काही बोलणार तोच वहिनी बोलली. तिने आयुष्यात परक्या पुरुषापुढे तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरून, जमिनीकडे बघत ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही कापा. सोवळ्याचं काय ते आम्ही बघू."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिला पहिल्यांदाच बघतोय. मग त्याने सही केली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आणि वहिनी इस्पितळाच्या जिन्याखाली बसलो होतो. पांढऱ्या कपड्यातलं कुणीही खाली उतरलं की मी उठून उभा राहत असे. वहिनी माळ ओढत नव्हती, रडतही नव्हती. ती एका जुन्या लुगड्याच्या चौकोनी घड्या कापत होती. घरून येताना तिने कात्री आणली होती. तिचं ते कापणं बघून मला धीर यायला हवा होता. मला उलट जास्त भीती वाटली, कारण त्या घड्या वाया जातील असं मनात येत होतं.

दादा वाचला. दीड महिन्याने आम्ही त्याला नाशिकला आणलं.

रामकुंडावर तो पुन्हा बसला नाही. कुणी त्याला मनाई केली नव्हती. पहिल्या दिवशी तो पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथूनच परतला. विधी चुलतभाऊ सांगू लागला आणि दादा घरी बाहेरच्या खोलीत बाडं घेऊन बसू लागला. यजमान आधी त्याच्याकडे येत, नावं लिहून घेत आणि मग गंगेवर जात. खोलीत तो सतत धूप जळत ठेवी. मध्येच पोटातून आवाज येई, घडी भिजे, मग तो "आलोच" म्हणून आत जाई. यजमान खाली बघत. पहिलं वर्षभर तो या आवाजाने लाजून अर्धा झाला. नंतर सरावला. वहिनी घड्या धूत होती, वाळवीत होती, आणि बाहेर कुणी नाक मुरडलं तर त्याच्याकडे बघत उभी राहत होती.

माझीही तपासणी झाली. साहेबांच्या टेबलावर मी भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजलो. "काही नाही," ते म्हणाले. मी कपडे केले, बाहेर आलो आणि फाटकापर्यंत जाऊन परत आलो. त्यांना म्हणालो, "साहेब, नीट बघितलंत ना?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "दर वर्षी येत जा."

पण पुढच्या वर्षी ते नव्हते. त्यांची बदली झाली. त्याच सुमारास मालेगावचा तो तरुण डॉक्टरही दुसरीकडे गेला. त्या वर्षाचे आकडे आले तेव्हा मी मालेगावचा कागद आधी उघडला. आतड्याच्या कॅन्सरची एकही नोंद नव्हती. नव्या साहेबांनी तक्ता पाहून समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, "बघा, तिथला तो प्रकार आटोक्यात आलेला दिसतो."

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी कारकून होतो, बोललो नाही. मात्र आपल्या टेबलाशी बसल्यावर त्या रिकाम्या जागेची मला जितकी भीती वाटली तितकी चढत्या आकड्यांचीही वाटली नव्हती. तिथे कुणी तरी आत्ता सुरण खात असेल, पुड्या घेत असेल, आणि त्याच्या घरातली बाई धोतर गुपचूप धूत असेल.

शस्त्रक्रियेनंतर दादा चार वर्षं जगला. शेवटी डोळे पिवळे झाले, भूक गेली आणि श्रावणात तो गेला. नगरपालिकेचा माणूस नोंद घ्यायला घरी आला. मी त्याला आजाराचं नाव सांगितलं. त्याने लेखणी उचलून धरली आणि अवघडून म्हणाला, "रावसाहेब, त्याला आमच्याकडे घर नाही. जुलाब लिहू की इतर?"

"इतर लिहा," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेचा कागद माझ्या टेबलावर आला. 'इतर'च्या रकान्यात जो आकडा होता त्यातला एक माझा भाऊ होता. मी तो आकडा तसाच तक्त्यात उतरवला.

दादाला दोन मुलगे होते, तेव्हा लहानच. तेराव्यानंतर वहिनीने मला विचारलं, "भाऊजी, मुलांना सांगायचं का, की हे घरात आहे?"

"मोठे झाले की सांगू," मी म्हणालो.

"तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."

ते काम मी पुढे पुष्कळ वर्षं टाळलं. त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, मी पेन्शनीत गेलो, तरी आज सांगतो, उद्या सांगतो असं चाललं होतं. शेवटी थोरल्याने चाळिशी ओलांडली तेव्हा मी दोघांना वेगवेगळं बोलावून सांगितलं, आजोबांचं, वडिलांचं, माझ्या तपासणीचं, सगळं. धाकटा हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही फार विचार करता." थोरला तसाच उठून गेला आणि महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही. मग एका सकाळी दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. चप्पल न काढताच त्याने विचारलं, "काका, तपासायला कुणाकडे जायचं? तुम्ही याल ना बरोबर?"

मी कोट घातला आणि त्याच्याबरोबर निघालो.