आखाजीच्या दिवशीचा रेडिओ

लग्न होऊन पिंपळनेरपलीकडच्या गावी आले, तेव्हा त्या घरात दोन वस्तूंना हात लावायची मला मनाई होती. एक सासूबाईंची लोणच्याची बरणी आणि दुसरा यांचा रेडिओ.

गावात वीज नव्हती. हे शाळेत मास्तर, पण सगळा जीव त्या जुन्या व्हॉल्व्हच्या पेटीत. ती मोटारीच्या बॅटरीवर चाले. आत व्हायब्रेटर म्हणून पत्र्याची एक डबी होती. ती गुंगुं करत बॅटरीचा सरळ करंट मागेपुढे हलवी, मग तो वाढून पुढे व्हॉल्व्हला मिळे. डबी अडकली की हे तिला टपली मारत. नवरे लोकांची दुरुस्ती बहुतेक टपलीपासूनच सुरू होते.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि सासूबाई घसरून पडल्या, पाय मोडून खाटेवर आल्या. खान्देशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर तिचा सण झालाच नाही. माझं माहेर जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्याचं. धुळ्याला एसटी बदलली की पारोळ्यापासून पुढे मला जागेवर बसवत नसे. या वेळी जाणं नव्हतं. राग काढायचा कुणावर, मोडलेल्या पायावर? भांड्यांवर काढला.

तशात भावाचा निरोप आला. जळगावला नवीनच निघालेल्या रेडिओ केंद्राच्या लोकांनी मायची आणि गल्लीतल्या बायांची झोक्याची गाणी सणाच्या बऱ्याच आधी येऊन टेपवर भरून नेली होती. आखाजीच्या संध्याकाळी ती लागणार होती. मी म्हटलं, निदान आवाज तरी.

आणि रेडिओ मुका झाला. टपलीला दाद देईना. यांनी डबी उघडून आतले काळे पडलेले पॉइंट काचकागदानं घासले. थोडा वेळ बोलला, पुन्हा गप्प. धुळ्याहून नवा व्हायब्रेटर आणला, तोही जळला. गावात ट्रान्झिस्टर होता, पण तो पाटलांच्या ओट्यावर. तिथे सुनेनं बसून मायचा आवाज ऐकायचा आणि चारचौघांत रडायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

पेटी उघडी पडलेली असताना मला आत मेणाचा ओघळ दिसला. तो कुठून आला, म्हणून मी विचारलं.

"अहो, हाई मेण कथाईन उनं?"

"जुनं शे ते. तू तुन्हं काम दख."

मी माझं काम पाहिलं. पण रात्रभर मेण यांच्या डोक्यात राहिलं असावं, कारण सकाळी तेच म्हणाले की कंडेन्सर गळतो आहे. व्हायब्रेटरच्या ठिणग्या हा कंडेन्सर गिळतो. तोच कामातून गेला तर कितीही नवे व्हायब्रेटर घाला, सगळे जळणार. शेजारचा दुसरा कंडेन्सरही फुगला होता. हे पुन्हा धुळ्याला गेले आणि दोन्ही घेऊन आले ते आखाजीच्या आदल्या दिवशी.

तारा जोडायला कथलाचा डाग द्यायचा दांडा चुलीतच तापवावा लागे. सणाच्या दिवशी एकीकडे खापरावर माझी पुरणपोळी आणि खाली निखाऱ्यात यांचा दांडा.

"सणना दिन चुल्हामा हाई काय घालेल शे?" सासूबाई खाटेवरून ओरडल्या.

"तिन्ही माय शे त्यामा," हे माझ्याकडे बोट करून म्हणाले. लग्नानंतर मला आवडलेलं यांचं ते पहिलं वाक्य.

जुने कंडेन्सर काढले, नवे जोडले, डाग फुंकून गार केले. दिवेलागणीला डबी गुणगुणली आणि थोड्या वेळानं बायांचा आवाज घरात आला. मायचा मी लगेच ओळखला. शेवट ओढताना ती जरा खरखरते.

झोक्याच्या गाण्यात आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकींची नावं गुंफतात. जी आली तिचंच नाव. माय शेजारणींच्या लेकी घेत गेली, आणि मग म्हणाली, मन्ही पोर उनी, झोकावर बठनी, आणि माझं नाव घेतलं.

गाणी भरली तेव्हा सासूबाईंचा पाय धड होता. मी येणारच, हे मायनं धरूनच ठेवलं होतं. त्या संध्याकाळी अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं की मी माहेरी आले. मी चुलीपुढे बसून ऐकत होते, आणि हातातली पोळी खापरावर जळत होती.