केक अजून बोलतोय

मॅट्रिक होऊन वर्ष झालं तरी मी सिल्वासाजवळच्या डोकमर्डीतल्या आमच्या खोलीत बसूनच होते. मी पाचवीत असताना वडील तापाने गेले. त्यानंतर आई एका गोव्याच्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाला होती, तोवर दोन्ही वेळा चूल पेटायची. पोर्तुगीज गेले, त्यानंतर काही वर्षांनी डॉक्टरांचं कुटुंबही गेलं. मग आई सिल्वासातल्या मुलांच्या वसतिगृहात रोजंदारीवर भांडी घासायला लागली. रात्री आम्ही नाचणीची आंबील प्यायचो आणि त्यालाच जेवण म्हणायचो. कॉलेज होतं वलसाडला. मी तिथे राहून शिकायचं तर आईला कायमची नोकरी हवी होती.

त्या थंडीत वसतिगृहाचा स्वयंपाकी काम सोडून गेला. नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलेलं. पाहुणे, मास्तर आणि सुरंगी गावाकडून आलेली मुलं धरून दीडशे माणसं. अधीक्षक रत्नागिरीकडचे, शिस्तीचे. आईने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"साहेब, त्या दिवसाचं खाणं मी करते. पसंत पडलं तर जागा मला द्या."

"काय करणार? चिवडा तर कुणीही करतं."

"केक. मसाल्याचा, सुक्या मेव्याचा."

"दीडशे माणसांना?" ते हसले. "जमलं तर स्वयंपाकघर तुमचं, बाई. नाही जमलं तर आहेतच भांडी."

आईने हा केक डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं केला होता, पण एका वेळी एकच, पातेल्यात वाळू तापवून. दीडशे माणसांसाठी पाववाल्याच्या भट्टीला पर्याय नव्हता. आम्ही तेलाचे तीन डबे उभे कापून, घासून सहा ट्रे केले. मनुका, खजूर, काजू आणि संत्र्याची वाळवलेली साल डॉक्टरीणबाई दारूत भिजवायच्या. आईने गुळाच्या पाण्यात आठवडाभर भिजवली. दालचिनी, लवंग, जायफळ मी कुटलं. अंडी फेटून फेटून माझे दंड भरून आले.

सकाळचे पाव निघाल्यावर म्हातारा पाववाला म्हणाला, "घाल, बाय, भट्टी तापलेली हाय."

"फार तापलीय," आई म्हणाली. "केक वरून जळेल, आत कच्चा राहील. थोडा दम धरू."

तिने भट्टीत मूठभर पीठ टाकलं. ते लगेच काळं झालं. तासाभराने पुन्हा टाकलं, तेव्हा हळूहळू बदामी झालं. मग तिने सहाही ट्रे आत सारले.

मी अधीक्षकांचं गजराचं घड्याळ मागून आणलं होतं. पातेल्यातला केक तासात होतो, म्हणून मी सव्वा तास धरला. सव्वा तास झाला आणि नेमके अधीक्षक आले. आईने एक ट्रे तोंडाशी ओढला, वाकून त्याला कान लावला आणि परत आत ढकलला.

"अजून बोलतोय."

"कोण?"

"केक. आत ओला असला की बारीक चुरचुरतो. गप्प झाला की शिजला."

"आणि आत्ता काय म्हणतोय?"

"म्हणतोय, साहेबांना जरा बसायला सांगा."

पाववाला खो-खो हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅट्रिक झालेल्या मुलीची आई साहेबांसमोर केकचं बोलणं ऐकते! मी लांब फळी घेतली, एक ट्रे बाहेर ओढला आणि सुरी घातली. वरून छान तपकिरी होता, पण मधून पीठ वाहिलं.

अधीक्षकांचा चेहरा उतरला. "झालं! दीडशे माणसांना हे वाढायचं?"

"तो पोरीने काढला," आई म्हणाली. "उरलेले पाच मी काढणार."

ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं वाटलं. अधीक्षक पिठाच्या गोणीवर बसून राहिले. आई दर थोड्या वेळाने ट्रे ओढायची, कान लावायची. शेवटी तिने मला हाताने बोलावलं. मीही कान लावला. आधी काही कळेना, मग अगदी बारीक चुरचुर ऐकू आली. आम्ही तशाच वाकून राहिलो. चुरचुर विरळ झाली आणि थांबली.

"आता," मीच म्हणाले.

पाचही ट्रे नीट निघाले. सहाचे पंचवीस-पंचवीस तुकडे ठरले होते, ते पाचाचे तीस-तीस केले. मुलांनी बोटं चाटली, पाहुण्यांनी कृती विचारली. अधीक्षकांनी एक तुकडा खाल्ला आणि इकडेतिकडे बघून दुसरा उचलला. माझा कच्चा ट्रे आईने पुन्हा भट्टीत घातला होता. त्याची वीट झाली. चार दिवस चहात बुडवून ती आम्हीच संपवली.

सोमवारी स्वयंपाकघराच्या किल्ल्या आईच्या कमरेला आल्या आणि पुढे कायमच्या नोकरीचा हुकूम निघाला. जूनमध्ये मी वलसाडला कॉलेजात गेले. चार वर्षांनी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर.