जिताड्यावरचा सांबार

"तुमच्या आईंना काहीही सांगायचं नाही," रेवती मॅडमनी मला बजावलं. "त्या मेनू वाचतील, ऑर्डर देतील. मनात होतं तेच ताटात आलं तर मराठी मेनू छापायचा. नाही आलं, तर इंग्रजीच राहील."

मी मान हलवली. आई चष्मा पुसत होती.

मी भाषांतरकार आहे. समुद्रपूरला घरीच बसून काम करते. औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, पाण्याच्या पंपाच्या सूचना, मोबाइल अ‍ॅप, असं काय काय. एजन्सी सोडल्यावर स्वतःच्या नावाने मिळालेलं पहिलं काम म्हणजे कोकणातल्या या फ्रेंच रेस्टॉरंटचा मेनू. गावापासून लांब, केवड्याच्या बनामागे, पाण्याला लागून आठ टेबलं. बाहेर बोर्डसुद्धा नाही. ज्याला माहीत आहे त्यानेच यावं, असा हिशोब. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. असल्या जागेचा मला लांबूनच राग येतो. म्हणून काम घेताना मीच अट घातली होती: मेनूत एकही फ्रेंच शब्द ठेवणार नाही. मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही, कोणाला न विचारता इथे जेवता आलं पाहिजे.

"मग तशी परीक्षाच घेऊ," मालकीण असलेल्या रेवती मॅडम म्हणाल्या. "कोणाला आणता?"

मी आईला आणलं. आई निवृत्त अंगणवाडी सेविका. समुद्र तिने पाहिलेला नव्हता.

"समुद्रपूरच्या ना तुम्ही?" मॅडमनी तिला छेडलं. "मग समुद्राची सवय असेल."

"हो नं," आई म्हणाली. "दोन दिवस एसटी अन् रेल्वेत बसलं का आलाच समुद्र."

ऑर्डर घ्यायला कॅप्टन आला. मोठ्या हॉटेलात ऑर्डर घेणाऱ्याला कॅप्टन म्हणतात. हे आईला ठाऊक नव्हतं. ती त्याला आदराने म्हणाली, "तुम्ही कायले त्रास घेता? तुमचं जहाज सांभाळा." तो बिचारा लाजला.

आईने मेनू वरपासून खालपर्यंत वाचला. अंगणवाडीचं रजिस्टर तपासायची तशी, ओळीखाली बोट ठेवून. मग थांबली. "मले हे पायजे. लोणी-लिंबाच्या रश्शातला जिताडा, वरून सांबार."

जिताडा हा खाडीत मिळणारा मोठा मासा. माशांच्या नावांसाठी मी पंधरा दिवस घासले होते. आम्ही तळ्यातल्या रोहू-कतल्यावाली माणसं. शिंपल्यांतही कालवं वेगळी, तिसऱ्या वेगळ्या, हे कोळणींना फोन करकरून शिकले. त्यानंतर बॅक-चेक केला. म्हणजे मूळ मजकूर न दाखवता नुसतं भाषांतर दुसऱ्याला वाचायला द्यायचं आणि काय कळलं ते विचारायचं. शेजारच्या देशमुख सरांना दिलं, मावशीला दिलं, मैत्रिणीला दिलं. कोणीही अडखळलं नाही.

ताट आलं. आईने आधी ताट पाहिलं, मग मासा.

"एवढ्या मोठ्या परातीत एवढूशी मासोळी? भांडं चुकलं वाटते."

"आई, जेव."

तिने घास घेतला. "मस्त आहे. जे वाचलं तेच आलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी मनातल्या मनात मेनू छापखान्यात पाठवूनही दिला होता.

मेनूची दुसरी प्रत मॅडमनी शेजारच्या टेबलावर ठेवली होती. तिथे रत्नागिरीचे एक गृहस्थ पत्नीसोबत बसले होते. त्यांनीही जिताडाच मागवला. फक्त कॅप्टनला म्हणाले, "सांबार माशावर ओतू नका हो. वेगळ्या वाटीत द्या."

कॅप्टन कोकणातलाच. तो आत गेला, थोड्या वेळाने ताट घेऊन आला, पण वाटी नव्हती. "साहेब, सांबार नाही."

"मेनूत आहे ना?"

"शेफ विचारतात, इडलीसोबत असतं ते का?"

"मग दुसरं कुठलं असतं?"

माझे कान तापले. आईला मात्र राहवलं नाही. ती खुर्चीतून वाकली.

"भाऊ, तुमच्या मासोळीवर आहे नं सांबार. थो काय, हिरवा हिरवा."

गृहस्थांनी ताटात पाहिलं. "ताई, ही कोथिंबीर आहे."

"तेच तं. काऊन परेशान होऊन राह्यले?"

त्यांची पत्नी रुमालात तोंड लपवून हसायला लागली. मग ते हसले. मग कॅप्टन. मॅडम सगळ्यात शेवटी हसल्या, पण सगळ्यात जास्त वेळ.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीसोबत येतो त्यालाही सांबारच म्हणतात. आमचा घोळ होत नाही, कारण जुडी कोणी वाटीत मागत नाही. कोथिंबीर हा शब्द मला येतो. शाळेच्या पुस्तकात होता. पण लिहिताना हात आपसूक घरच्या शब्दाकडे गेला आणि वाचणारेही सगळे घरचेच निघाले.

"आई पास," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नापास."

"मॅडम, सांबार हासुद्धा लोकांचाच शब्द आहे," मी म्हणाले. मी सहजासहजी हरत नाही.

"आहे ना. पण माझे लोक इकडचे आहेत."

यावर कुठल्याच पत्रकात उत्तर नव्हतं. मी पेन काढलं आणि तिथेच दुरुस्ती केली. मेनू मराठीत छापला गेला. दारूच्या यादीचं काम मात्र मॅडमनी रत्नागिरीच्या एका बाईंना दिलं.

महिन्याभराने छापील मेनूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आईने मोठा करून पाहिला. "इतकं सोपं लिहिलं होतं तू," ती म्हणाली. "कोथिंबीर टाकून काऊन बिघडवलं?"

ज्या शब्दाची खात्री नसते तिथे माणूस दहा फोन करतो आणि बचावतो; खात्री असते तिथेच फसतो. तेव्हापासून माझा बॅक-चेक किमान तीन जिल्हे पलीकडच्या माणसाकडे जातो. देशमुख सर त्यामुळे थोडे नाराज आहेत.